व्हिडिओ बघून गणित शिकवता येतं का? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये गणिताच्या प्रशिक्षणाचाच विषय जास्त होता, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. काही पत्रं फार लांब होती ती थोडी कापली. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तशी विनंतीच केली होती आणि कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे कितीतरी कोर्स झाले, निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे मॉड्यूल झाले, सर्टिफिकेटं फाइलला लावली. व्हिडिओ वाईट नसतात, छानच असतात. पण खरं सांगू का मॅडम, रात्री पोळ्या लाटता लाटता मोबाइल ओट्यावर ठेवायचा, व्हिडिओ चालू द्यायचा आणि शेवटी प्रश्नमंजुषा सोडवून टाकायची, असंच सगळ्यांचं चालतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी पहिल्यासारखीच शिकवते. चूक माझी का व्हिडिओची?
(एक शिक्षिका, अकोले तालुका)

उत्तर : ताई, पोळ्यांचं तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, बाकीचे लिहीत नाहीत एवढंच. चूक कुणाची हे ठरवण्याआधी त्या व्हिडिओत असतं काय ते आठवा. स्वच्छ वर्ग, वीसेक मुलं, हसतमुख बाई, समोर काड्यांचे गठ्ठे. बाई विचारतात, मूल उत्तर देतं, उत्तर बरोबर असतं, टाळ्या. क्रिकेटच्या हायलाइट्समध्ये जसे नुसते चौकार-षटकार दिसतात आणि सोडलेले बॉल कुणी दाखवत नाही तसं. ते बघून आपण मान डोलावतो, हो हो असंच शिकवायला पाहिजे म्हणतो, आणि आपल्या वर्गातला पोरगा ३०२ वजा १४८ चं उत्तर २४६ लिहितो तेव्हा त्या व्हिडिओतलं काहीच कामाला येत नाही कारण त्यात चुकणारं मूलच नव्हतं.

याच्या अगदी उलटं एक काम अमेरिकेत मिशिगनमध्ये झालंय, ते जरा सविस्तर सांगते. १९८९-९० च्या शैक्षणिक वर्षात डेबोरा बॉल आणि मॅग्डालेन लॅम्पर्ट या दोघी विद्यापीठात शिक्षकांना शिकवायच्या आणि रोज एका प्राथमिक शाळेत जाऊन स्वतः गणिताचा तास घ्यायच्या, बॉल तिसरीचा आणि लॅम्पर्ट पाचवीचा. त्या वर्षाच्या त्यांच्या गणिताच्या तासांचं भरपूर रेकॉर्डिंग केलं, मुलांच्या वह्या जपून ठेवल्या, दोघींनी तासानंतर लिहिलेली टिपणं ठेवली, आणि हे सगळं कॉम्प्युटरवर एकत्र जोडून शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांसमोर ठेवलं. म्हंजे व्हिडिओत एखादं मूल काही बोललं की त्याच दिवसाची त्याची वही उघडून बघता येईल, बाईंना त्या संध्याकाळी काय वाटलं तेही वाचता येईल. आणि विद्यार्थ्यांना सांगितलं की बघा, शोधा, तुम्हाला काय प्रश्न पडतात ते सांगा. आदर्श पाठ वगैरे काही नाही.

त्यातला एक तास फार गाजला. १९ जानेवारी १९९०, तिसरीचा वर्ग, सम-विषम संख्या चालू आहेत. शॉन नावाचा मुलगा (हे बदललेलं नाव आहे) उठून म्हणतो की मला वाटतं ६ ही संख्या समही आहे आणि विषमही. आपण काय केलं असतं सांगा? "नीट बघ, ६ ला २ ने भाग जातो ना, मग सम, बस खाली." बॉलबाईंनी विचारलं, असं का वाटतं तुला. तर तो म्हणतो ६ मध्ये दोनाचे तीन गट आहेत, आणि तीन ही विषम संख्या. वर्गात कल्ला. मेई नावाची मुलगी (हेही बदललेलं नाव) म्हणाली की असं असेल तर १० पण तसाच होईल की, दोनाचे पाच गट! तिला वाटलं आता हा गप्प बसेल, तर हा म्हणतो हो की, बरं झालं सांगितलंस, १० पण तसाच. मग ती वैतागून म्हणते की असं करत गेलं तर सगळ्याच संख्या सम आणि विषम होतील, मग आपण ही चर्चा तरी का करतोय. तिसरीतली मुलं हो! पुढे वर्गाने २, ६, १०, १४ अशा संख्यांना शॉनचं नावच देऊन टाकलं आणि त्यांचे नियम शोधायला लागले. गंमत म्हणजे दोनाचे विषम गट होणाऱ्या संख्यांचा विचार युक्लिडनेही केलेला आहे.

आता हा व्हिडिओ दहा शिक्षकांना दाखवला की पाच म्हणतात बाईंनी चूक वेळेत दुरुस्त केली नाही, गोंधळ वाढवला, आणि पाच म्हणतात बाई ग्रेट आहेत. भांडण जुंपतं. मला विचाराल तर प्रशिक्षण तिथे सुरू होतं. पोळ्या लाटता लाटता हा व्हिडिओ बघताच येणार नाही, हातातलं लाटणं थांबेल.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कोर्स करायचेच आहेत, सक्ती आहे, ते करा. पण सोबत एक करा, आठवड्यातून एकदा तुमच्याच वर्गातल्या एका चुकलेल्या उदाहरणाचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्या पोराला जवळ बसवून "हे कसं केलंस मला सांग ना" एवढंच विचारून त्याचं बोलणं रेकॉर्ड करा, दोन मिनिटं पुरे. घरी ऐका. तुम्हाला वर्गात जे ऐकू आलं नव्हतं ते ऐकू येईल, कारण वर्गात एक डोळा घड्याळावर आणि एक डोळा भिंतीपाशी भांडणाऱ्या दोघांवर असतो.

प्रश्न : मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा. या शाळांतल्या शिक्षकांच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत गणितासाठी जेमतेम दीड-दोन तास मिळतात. प्रोजेक्टर आहे, नेट नाही, म्हणून पेन ड्राइव्हवर व्हिडिओ नेतो. लाइट घालवले की निम्मे शिक्षक व्हॉट्सॲप उघडतात, दोन-तीन जण तर सरळ झोपतात. चर्चा करा म्हटलं की "छान होता सर, प्रेरणादायी". काय करू?
(एक केंद्रप्रमुख, वर्धा जिल्हा)

उत्तर : सर, आधी लाइट घालवणं बंद करा. थोडं अंधुक दिसलं तरी चालेल.

दुसरं, क्लिप पाच मिनिटांच्या वर नको. चाळीस मिनिटांचा अख्खा तास दाखवला की माणसं प्रेक्षक होतात. पाच मिनिटं, आणि तीसुद्धा दोनदा.

आणि तिसरं, ज्याच्याशिवाय बाकी सगळं वाया जातं, व्हिडिओच्या आधी तेच उदाहरण शिक्षकांनी स्वतः सोडवायचं, तेही नेहमीच्या रीतीशिवाय. समजा ३०२ − १४८ घेतलं. सगळ्यांना सांगा की हातचा न वापरता, उभी मांडणी न करता सोडवा. पहिल्यांदा कुरकूर होईल, "सर आम्ही काय लहान आहोत का". मग कुणीतरी म्हणेल १४८ वर २ चढवले की १५०, मग ५० चढवले की २००, मग १०२, झाले १५४. दुसरा म्हणेल मी ३०० मधून १४८ घालवले, १५२, आणि वरचे २ मिळवले. आता खोलीत जाग आली.

मग मुलांच्या वह्यांचे फोटो पडद्यावर लावा, नावं झाकून. एकाचं उत्तर २४६. दुसऱ्याचं १६४. तिसऱ्याचं १५४. शिक्षकांना विचारा की पहिल्या दोघांनी नेमकं काय केलं असेल. २४६ वाला प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय, ८ मधून २, ४ मधून ०, त्याच्या दृष्टीने वरची संख्या आणि खालची संख्या असा काही भेदच नाही. १६४ वाल्याला हातचा घ्यायचा माहीत आहे, पण मधल्या शून्यावरून उडी मारून त्याने शतकातला एक घेतला, एककात १२ केले, दशकातही १० करून टाकले, ९ करायचे विसरला. म्हंजे एका शतकाचे दहा दशक आणि त्यातल्या एका दशकाचे दहा एकक हा प्रवास त्याच्या डोळ्यासमोर नाहीये, त्याच्यासाठी ती फक्त आकड्यांची खाडाखोड आहे. या दोघांना एकच उपाय चालेल का? आपण तर दोघांच्याही वहीवर सारखीच लाल फुली मारतो आणि "हातचा नीट घे" लिहितो.

एवढं झाल्यावर मग व्हिडिओ. आणि बोलताना एक नियम घाला, पहिल्या फेरीत फक्त "मुलाने काय केलं, काय म्हणालं" एवढंच बोलायचं. बाईंनी काय करायला हवं होतं हे पहिल्या फेरीत बंद. हे जमायला महिने लागतात, खोटं नाही सांगत. शिक्षण-संशोधक मिरियम शेरिन यांनी अमेरिकेत शिक्षकांचे असे व्हिडिओ क्लब चालवले, त्यात आढळलं की सुरुवातीला शिक्षक हमखास शिकवणाऱ्यावरच टीका-टिप्पणी करतात आणि बऱ्याच बैठकांनंतर हळूहळू मुलांच्या विचाराकडे वळतात. तेव्हा तुमची पहिली बैठक फसली तर मनावर घेऊ नका.

"आपला वर्ग तसाच चालतो" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी अजून एक गोष्ट सांगायला हरकत नाही. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान अभ्यासाच्या वेळी जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांत आठवीचे गणिताचे २३१ तास चित्रित केले होते. जपानमध्ये बऱ्याच तासांत गणित आधी मुलांपुढे टाकायचं, त्यांना झगडू द्यायचं, मग मुलांच्या रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडून बोलायचं असा क्रम दिसला. अमेरिकेत आधी रीत, मग तशीच दहा उदाहरणं. आपल्याकडचा क्रम कोणता ते तुम्हाला माहीत आहे, मी सांगायला नको.

प्रश्न : आमच्या पाड्यावरची मुलं घरी वारली बोलतात. दुसरीला संख्याज्ञान शिकवताना मी ट्रेनिंगमध्ये दाखवलेले व्हिडिओ वापरून बघितले, दशक-एकक छान समजतं, पण "सत्तेचाळीस लिहा" म्हटलं की ७४ लिहितात. व्हिडिओत या अडचणीचा उल्लेखच नाही.
(एक शिक्षक, जव्हार)

उत्तर : उल्लेख नाही कारण पुष्कळ व्हिडिओंची मूळ स्क्रिप्ट इंग्रजीतली, वर मराठी आवाज चढवलेला. इंग्रजीत वीसच्या पुढे आधी दशक बोलतात मग एकक, जसं लिहायचं तसंच. आपल्याकडे सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, चाळीस नंतर, आणि पोरगं इमानदारीत जसं ऐकलं तसं लिहितं. वर एकोणपन्नास, एकोणसाठ हा वेगळाच ताप, एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतो म्हणून ६९ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतील. इंग्रजी स्क्रिप्टवाल्याला हे सुचणारच नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस दोन बावीस" असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतो ना. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण समजावून सांगितली, तरी टीव्हीवर आणि विधानसभेत चेष्टाच जास्त झाली. मला स्वतःला वाटतं की पायरी म्हणून ते योग्यच होतं, बावीस कुणी काढून टाकलेलं नव्हतं. वारली बोलणाऱ्या मुलांना तर प्रमाण मराठीतले हे शंभर शब्द जवळजवळ परक्या भाषेतले आहेत, ते वेगळं.

तुम्ही असं करा. गणितमाळ घ्या, शंभर मण्यांची, दहा-दहाचे रंग बदललेले असतात ती. ४७ वर चिमटा लावायचा, आधी "चार दहा आणि सात" म्हणायचं, मग "चाळीस सात", मग "सत्तेचाळीस". लिहिताना पहिले काही दिवस मधलं रूपच बोलायचं. आणि हे तुमच्या वर्गात चालू असताना कुणाला तरी मोबाइल धरायला सांगा, मुलाच्या हाताकडे कॅमेरा, तोंड दिसलं नाही तरी चालेल. ती तीन मिनिटांची क्लिप तुमच्या केंद्रातल्या बाकी शिक्षकांना बाहेरून आलेल्या कुठल्याही चकाचक व्हिडिओपेक्षा उपयोगी पडेल. वाड्याजवळ सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था आहे, पालघर जिल्ह्यातल्या मुलांबरोबर आणि शिक्षकांबरोबर बरीच वर्षं काम करतेय, तुमच्यापासून फार लांब नाही, एकदा जाऊन या.

प्रश्न : नववी-दहावीला भूमिती शिकवतो. शाळेला स्मार्ट टीव्ही मिळालाय. मी पीपीटी करून प्रमेयं दाखवतो, ॲनिमेशनसकट. मुलं शांत बसतात पण पेपरात सिद्धता तशीच पाठ करून लिहितात, आकृतीची अक्षरं बदलली की संपलं. आता जिओजेब्रा (आकृती काढून ती ओढता येते ते सॉफ्टवेअर) वापरा म्हणतात. त्याने खरंच फरक पडेल का हीसुद्धा एक फॅशन?
(एक माध्यमिक शिक्षक, सोलापूर)

उत्तर : पीपीटी करून दाखवत असाल तसं जिओजेब्रा करून दाखवलंत तर शून्य फरक पडेल. फरक पडतो तो आकृती ओढण्याने, आणि ती कोण ओढतंय याने.

हे आधी तुम्ही स्वतः करून बघा, वर्गात नंतर. कुठलाही वेडावाकडा चौकोन काढा. चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्या, क्रमाने जोडा. आतला चौकोन समांतरभुज दिसेल. आता बाहेरचा एक शिरोबिंदू धरून ओढा. ओढण्याआधी स्वतःला विचारा, आतला समांतरभुज राहील का मोडेल? कागदावर लिहून ठेवा आणि मग ओढा. राहतो. अजून ओढा, शिरोबिंदू आत ढकला, चौकोन बाणाच्या टोकासारखा होऊ द्या. तरी राहतो! आता डोक्यात "का" येतो, आणि हा "का" पीपीटीतून येत नाही कारण तिथे उत्तर पुढच्या स्लाइडवर तयार असतं. कर्ण काढा म्हणजे नववीतलं दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचं प्रमेय दिसेल, आतल्या समोरासमोरच्या दोन्ही बाजू त्याच कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या. सिद्धता तीन ओळींची आहे. पण ती तीन ओळींची गरज आता मुलाला वाटतेय.

दोन सावधगिऱ्या. मुलं म्हणतील ओढून बघितलं, शंभर वेळा बरोबर आलं, आता सिद्धता कशाला. याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं (माझं उत्तर असं, ओढल्याने खरं आहे हे कळतं, का खरं आहे ते कळत नाही). दुसरं, शिक्षकच डोळ्याच्या अंदाजाने चार बिंदू ठेवून "चौरस" काढतात आणि एक कोपरा ओढला की त्याचा भलताच चौकोन होतो, वर्गात हसं होतं. खरा चौरस लंब रेषा आणि वर्तुळं वापरून रचावा लागतो म्हणजे कितीही ओढला तरी चौरसच राहतो. शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये मी तर हाच पहिला तास ठेवेन, ओढून न मोडणारा चौरस काढा. कुणाला चौरसाचे गुणधर्म पाठ आहेत आणि कुणाला कळलेत ते दहा मिनिटांत दिसतं, कुणाला काही विचारावं लागत नाही.

सॉफ्टवेअर शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल बघा, जिओजेब्राचे मराठीतही आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे. त्यांची पद्धतच अशी की स्क्रीनच्या एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचं, थोडं बघायचं, थांबवायचं, करायचं, परत बघायचं. हे कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच चालतं. नुसते बघत बसलात तर मीच वेळ वाया घालवला म्हणाल.

प्रश्न : मी डीएलएडच्या (प्राथमिक शिक्षकांची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे. यूट्यूबवर "पाच सेकंदात गुणाकार", "९ च्या पाढ्याची ट्रिक" असले व्हिडिओ लाखो लोक बघतात, मुलांना पण आवडतात. सराव पाठाला वापरले तर मार्क जातील का?
(छात्राध्यापिका, नांदेड)

उत्तर : मार्कांचं तुमच्या सरांना विचारा. वापरायला माझी हरकत नाही, एका अटीवर, ट्रिक का चालते हे मुलांकडून काढून घ्यायचं. बोटांवरचा ९ चा पाढा घ्या, चौथं बोट मिटलं की डावीकडे ३, उजवीकडे ६. का? नऊ चोक म्हणजे दहा चोक वजा चार, चाळीसातून चार गेले, तीन दशक उरले आणि सहा एकक. चौथीतलं मूल हे सांगू शकतं. आणि त्या लाख लोक बघतात वाल्या व्हिडिओंपैकी कितीत हे "का" आहे ते एक दिवस बसून मोजा, तुमच्या प्रकल्पाला विषय मिळेल.

प्रश्न : मी १९९८ साली निवृत्त झालो. आमच्या वेळी बालचित्रवाणी या सरकारी संस्थेने मुलांसाठी केलेले शैक्षणिक कार्यक्रम लागायचे, शाळेत टीव्ही आणून ठेवला होता. आता जे "मल्टिमीडिया" म्हणतात त्यात नवीन ते काय?
(एक निवृत्त मुख्याध्यापक, वाई)

उत्तर : सर, नवीन फारसं नाही, तुमचं म्हणणं मान्य. बालचित्रवाणी पुण्यात १९८४ ला सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला कुलूप लागलं, हळहळ वाटते. पण त्याच्याही आधीची गोष्ट सांगते. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर साइट नावाचा प्रयोग चालला, नासाचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही दाखवला. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांचं विज्ञानाचं प्रशिक्षण घेतलं, हजारो शिक्षक एकाच वेळी. आणि ते करताना नुसता टीव्ही ठेवला नाही! टीव्ही, रेडिओ, छापील पुस्तिका, हाताने करायचे प्रयोग आणि प्रत्येक केंद्रावर समजावून सांगायला एक माणूस, असं सगळं मिळून. विज्ञानाच्या जागी गणित ठेवा, गोष्ट तीच राहते. पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांना कळलं होतं की पडद्यासमोर माणूस लागतो. आज लिंक पाठवली की ट्रेनिंग झालं असं समजतात. तेव्हा सर, नवीन काय असं विचारण्यापेक्षा जुन्यातलं काय हरवलं असं विचारा, पत्र अजून लांब होईल तुमचं.

एक गोष्ट मात्र खरंच नवीन आहे. तेव्हा कॅमेरा दिल्ली-अहमदाबादला होता, आता प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे.

प्रश्न : स्वतःचा तास रेकॉर्ड करून बघा असं तुम्ही नेहमी सांगता. एकदा केला तर तो व्हिडिओ केंद्राच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्याच्या ग्रुपवर गेला, आणि मी फळ्यावर एक पायरी गाळली होती त्यावरून चार दिवस चेष्टा. आता पुन्हा कॅमेरा लावणार नाही. पालकांनी पण विचारलं की आमच्या मुलीचा व्हिडिओ कुणाला विचारून काढला.
(एक शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : चेष्टा करणाऱ्यांनी स्वतःचा तास कधी टाकला होता का ग्रुपवर? नसेलच.

पालकांचा प्रश्न मात्र बरोबर आहे आणि तो आधी सोडवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातलीय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या लेकराचं तोंड विचारल्याशिवाय दाखवू नये ही साधी रीत आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत साध्या मराठीत एक संमतीपत्र घ्या, व्हिडिओ कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार. ज्यांनी नाही म्हटलं त्यांची मुलं कॅमेऱ्याच्या मागे बसवा, वेगळं पाडल्यासारखं न करता.

कॅमेरा फळ्याकडे लावूच नका. आपण सगळे तिथेच लावतो, कारण सूक्ष्म अध्यापनापासून (शिक्षक होताना घ्यायचे छोटे सराव पाठ) आपल्याला सवयच अशी लागलीय की तपासणी शिक्षकाची असते. सूक्ष्म अध्यापन १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला निघालं तेव्हा त्याचा मुख्य भागच हा होता की छोटा पाठ घ्यायचा, त्याचं रेकॉर्डिंग स्वतः बघायचं आणि पुन्हा घ्यायचा. आपल्याकडे डीएड-बीएडला रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी गळालं आणि मागच्या बाकावर निरीक्षणतक्ता भरणारे उरले. मोबाइल एका गटाच्या मधोमध, वहीकडे तोंड करून ठेवा. दोन मुलं अर्धा आणि पाव यातलं मोठं कोण यावर वाद घालतायत, त्यांचे हात, त्यांचा कागद, त्यांचा आवाज. तुमची गाळलेली पायरी त्यात येतच नाही.

आणि ग्रुपवर टाकायचा नाही. कुणी मागितला तरी नाही, साहेबांनी मागितला तर "माझ्या फोनवर बघा सर" म्हणायचं. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा दोघी-तिघींनी एकत्र बसून बघायचा, एकमेकींचा, पाळीपाळीने. चहा लागतोच. बघून झाला की महिनाअखेर पुसून टाकायचा, वहीचा फोटो आणि दोन ओळींचं टिपण ठेवलं तरी पुरतं. ज्या व्हिडिओवरून शेरा लिहिला जाणार आहे असं शिक्षकाला कळतं त्या तासाला तो सजवलेलाच पाठ घेतो, उत्तरं आधी पढवलेली असतात, पहिल्या पत्रातल्या ताईंना दिसलेला हसतमुख वर्ग असाच तयार होतो. अधिकाऱ्यांपैकी कुणी हे सदर वाचत असेल तर कृपा करून असे व्हिडिओ मागवू नका, आणि मागवलेत तर त्याला प्रशिक्षण म्हणू नका, तपासणी म्हणा.

प्रश्न : प्रोजेक्टर आहे, शाळेचं वीजबिल थकल्यामुळे मीटर कापलाय. तुमच्या सगळ्या उत्तरांत स्क्रीन आहे.
(एक शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : बरोबर पकडलंत. तीन वह्यांचे फोटो झेरॉक्सवाल्याकडून मोठे करून आणा, पंधरा-वीस रुपयांत काम होतं. मुलाचं दोन मिनिटांचं बोलणं मोबाइलच्या स्पीकरवर लावा, चार जण जवळ बसले की ऐकू येतं. आणि मोबाइल येताना घरून चार्ज करून आणा. बिलाचं काय झालं तेही कळवा.